एका ख्रिस्ती घरातील शिक्षणाचा आठवडा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी कुटुंब-मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या ह्या मेळाव्यात कुटुंबाविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मला झाली आहे. महोत्सव म्हटला म्हणजे मंदिर कोणी बांधले, घंटा कोणी दिली, पहिली मिस्सा कोणत्या दिवशी झाली, ह्या गोष्टींची आठवण निघते, आणि ती निघावी हे योग्यच होय. परंतु मंदिर उभे राहिले तरी त्यात गुडघे टेकणारी माणसे घराघरांतूनच यावी लागतात. ती कशी घडतात, ह्याचा विचार अशा प्रसंगी न केला तर आपला महोत्सव अपुरा राहील. म्हणून आज उपदेशाची कलमे न वाचता मी आपणांस एका घरात घेऊन जाणार आहे.

हे घर फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतात, लिझ्यू ह्या गावी, आजही उभे आहे. त्याचे नाव ले ब्युइसोने. १८७७ च्या हिवाळ्यापासून १८८१ च्या शरद ऋतूपर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षे, ह्या घरात एक शाळा भरत असे. तिच्यात विद्यार्थिनी एकच होती, आणि ती शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षिकेचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. शिक्षिका होती पोलीन मार्टिन, आणि विद्यार्थिनी तिची सर्वांत धाकटी बहीण तेरेजा. हीच पुढे बालयेशूची संत तेरेजा म्हणून साऱ्या ख्रिस्ती जगास ठाऊक झाली. १९२५ साली तिला संतपद मिळाले. १९२७ साली, ज्यांचे पवित्र शरीर आपल्या जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बरोबरीने, ती मिशनकार्याची आश्रयदाती ठरली; आणि १९९७ साली पवित्र सभेने तिला धर्मपंडितेचा मान दिला. जी पुढे अखिल ख्रिस्तसभेची शिक्षिका झाली, तिचे आरंभीचे सर्व शिक्षण घरी झाले, ही गोष्ट आईबापांनी मनन करण्याजोगी आहे.

प्रथम कुटुंबाची ओळख करून देतो. पिता लुई मार्टिन हे घड्याळे करणारे, व माता झेली ही आलाँसों गावची सुप्रसिद्ध नाजूक लेस विणून घेण्याचा धंदा चालविणारी. १८५८ साली त्यांचा विवाह झाला. १८६० पासून १८७३ पर्यंत त्यांना नऊ अपत्ये झाली. सात मुली व दोन मुलगे. त्यांपैकी दोन्ही मुलगे आणि दोन मुली बालपणीच देवाघरी गेल्या. उरल्या त्या मारी, पोलीन, लिओनी, सेलीन आणि तेरेजा ह्या पाच बहिणी. १८७७ च्या ऑगस्ट महिन्यात मातेने कर्करोगाने देह ठेवला, तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती. अंत्यविधीच्या दिवशी, आता आपली आई कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा सेलीनने मारीला मिठी मारली आणि धाकटीने पोलीनच्या गळ्यात हात घातले. पुढे त्याच वर्षी कुटुंब लिझ्यूस मामांच्या शेजारी राहावयास आले. सर्वांत थोरल्या मारीने घरकारभार हाती घेतला, आणि पोलीनने धाकटीचे शिक्षण.

आता त्या घरचा आठवडा पाहू.

सकाळी जाग येताच पोलीन धाकटीला पहिला प्रश्न विचारी तो हा, की मन देवाकडे वळविलेस काय? वेणीफणी चालू असता देवाविषयीच्या गोष्टी होत, मग दोघी मिळून गुडघे टेकून प्रार्थना करीत. त्यानंतर पाठ. अक्षर वळविण्याचे काम मारीकडे होते, बाकी सर्व विषय पोलीनकडे. कोणाच्या मदतीवाचून तेरेजाला वाचता आलेला पहिला शब्द 'स्वर्ग' ह्या अर्थाचा होता, असे तिने स्वतःच लिहून ठेविले आहे. धर्मशिक्षण आणि पवित्र इतिहास हे तिचे आवडते विषय. व्याकरणाचा पाठ मात्र पुष्कळ वेळा अश्रूंनी भिजत असे. ज्या आयांची मुले गणितापायी किंवा व्याकरणापायी रडतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की संतांच्या डोळ्यांनाही त्या पाठांनी पाणी आणिले आहे.

पाठ संपला की गुण मिळत. सर्वांत जास्त गुण पाच. मग ती मुलगी धावत जिना चढून माडीवरील पित्याच्या निवांत खोलीत जाई व आजचे गुण सांगे. पाच गुण आपण न विचारता पोलीनने आपण होऊन सांगितले असले तरच तिला पुरा आनंद होई. विचारून घेतलेले पाच तिला एका पायरीने कमी वाटत. गुणांखेरीज शाबासकीच्या चिठ्ठ्याही असत. त्यांची ठरावीक संख्या भरली म्हणजे बक्षीस आणि एक पूर्ण दिवस सुटी. परंतु नवल असे, की सुटीचे दिवस त्या मुलीला लांबलचक वाटत. आणि पोलीनला ह्याचा संतोष होई, कारण ही आळसाला भाळत नाही असे त्यावरून दिसे.

दुपारी पित्याबरोबर फिरावयास जाणे हा नित्यक्रम होता. रोज एका निराळ्या मंदिरात जाऊन पवित्र साक्रामेंताची भेट घ्यावयाची, वाटेत पित्याने एखादी पैशा-दोन पैशांची भेटवस्तू घेऊन द्यावयाची, आणि घरी येऊन लेखी अभ्यास पुरा करावयाचा. तो झाल्यावर उरलेला वेळ बागेत, पित्याच्या आसपास. सोमवारी सकाळी गोरगरीब दारी येत. प्रत्येक वेळी घंटा वाजली की दार उघडावयास हीच धावे आणि मदत त्यांच्या हाती देई. एकदा फिरावयास गेली असता कुबड्या घेतलेला एक वृद्ध दिसला. तिने पैसा पुढे केला, तो त्याने खिन्नपणे हसून नाकारला. तिला फार वाईट वाटले. पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी मागितलेली कृपा मिळते असे तिने ऐकले होते. त्या दिवशी ह्या म्हाताऱ्यासाठी प्रार्थना करीन, असा तिने मनाशी निश्चय केला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. पाच वर्षांनी, १८८४ साली, तिने तो शब्द पाळला. हा पाठ कोणत्याही पुस्तकात नव्हता.

हिवाळ्याच्या रात्री सर्व कुटुंब एकत्र बसे. प्रथम सोंगट्यांचा एखादा डाव. मग थोरल्या बहिणींपैकी एकीने उपासना-वर्षावरील ग्रंथ वाचावयाचा, नंतर दुसऱ्या एखाद्या बोधपर व मनोरंजक पुस्तकाची काही पाने. धाकटी पित्याच्या मांडीवर असे. वाचन संपल्यावर पिता आपल्या गोड आवाजात गाणी म्हणत. शेवटी सर्वांची प्रार्थना. त्या वेळी तिची जागा पित्याच्या शेजारी असे, आणि संत कशी प्रार्थना करीत असतील हे तिला पित्याच्या मुखाकडे पाहूनच कळले. निजताना ती पोलीनला विचारी, की आज मी नीट वागले काय, देव माझ्यावर प्रसन्न आहे काय? उत्तर 'होय' आल्याखेरीज तिला झोप येत नसे.

आणि रविवार! त्या दिवशी तिला अंथरुणातच चॉकलेटचे पेय मिळे, सुंदर कपडे मिळत, केस कुरळे करून मिळत, आणि पित्याचा हात धरून ती संत पेत्राच्या मंदिरात मिस्सेस जाई. सारा दिवस विश्रांतीचा. संध्याकाळच्या उपासनेच्या वेळी मात्र तिच्या मनाला उदासी घेरी. उद्या पुन्हा कामास लागावयाचे, पुन्हा पाठ करावयाचे! बंधूंनो, ज्या घरात रविवार इतर दिवसांहून खरोखरच निराळा असतो, त्याच घरातील मुलाला रविवार मावळताना वाईट वाटते. आमच्या कित्येक घरांत रविवार व शनिवार ह्यांत भेद तो काय उरला आहे?

असा हा आठवडा. ह्यात अद्भुत असे काहीच नाही, हे आपण पाहिले. मग ह्या शाळेचे बळ कशात होते? मला त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, शब्दाचा खरेपणा. पोलीनने एकदा ठरविलेली गोष्ट ती कधी मागे घेत नसे, आणि पिताही तिच्या निर्णयास मान देई. तिच्या संमतीवाचून धाकटीचे फिरणे होत नसे. पिता 'चल' म्हणाले तरी मुलगी सांगे, की पोलीनची परवानगी नाही. मग पिता स्वतः जाऊन रदबदली करीत. कधी कधी त्यांच्यासाठी पोलीन होकार देई. पण तो मनापासून नाही हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखून मुलगी रडू लागे, आणि पोलीनने मनापासून 'हो' म्हणून जवळ घेईपर्यंत तिचे समाधान होत नसे. आता आपल्या घरी काय घडते ते आठवा. आईने नाही म्हटलेले बापाकडून मिळते, बापाने नाही म्हटलेले आजीकडून मिळते, आणि मूल सातव्या वर्षीच वकिली शिकते.

दुसरी गोष्ट, प्रश्नाला उत्तर. स्वर्गात सर्व संतांना देव सारखेच वैभव का देत नाही, आणि मग कमी मिळालेले संत दुःखी होत नसतील काय, असा प्रश्न ह्या मुलीने एकदा विचारला. हा प्रश्न धर्मशास्त्राच्या वर्गात विचारला गेला तरी विद्यार्थी गोंधळतात. पोलीनने पित्याचा मोठा पेला आणि मुलीचे शिवणकामाचे टोपण आणविले, दोन्ही पाण्याने काठोकाठ भरले आणि विचारले, की ह्यांपैकी अधिक भरलेले कोणते? दोन्ही सारखीच भरलेली. आणखी एक थेंबही मावणार नाही. मुलीला सर्व समजले. पापनिवेदनाची पहिली तयारीही पोलीननेच करून घेतली. धर्मगुरूच्या ठिकाणी तू देवाशी बोलणार आहेस, असे तिने इतक्या मनःपूर्वक शिकविले, की मुलीने भाबडेपणाने विचारले, मग फादरांना सांगू का, की माझे त्यांच्यावर सर्व अंतःकरणापासून प्रेम आहे! असे प्रश्न मूल ज्याच्याजवळ दिवसभर असते त्यालाच विचारते. त्या क्षणी आपण मोबाइलात डोके घालून बसलो असलो, तर तो प्रश्न पुन्हा येत नाही.

तिसरी गोष्ट, प्रेमाबरोबर कसोटी. अंधाराची भीती वाटते म्हणून पोलीन तिला रात्री एकटीलाच दूरच्या खोलीतून वस्तू आणावयास मुद्दाम धाडी. वार्षिक बक्षीस-समारंभ घरीच होई. सारे कुटुंब जमे, आणि पिता आपल्या हाताने बक्षिसे देत. स्पर्धेस दुसरे कोणी नव्हते, तरी जे खरोखर मिळविले तेवढेच बक्षीस मिळे. त्या वेळी तिचे हृदय धडधडे. लाड पुष्कळ होते, परंतु लाडापायी न्याय सोडला गेला नाही.

येथे कोणी म्हणेल, फादर, त्या गृहस्थांना सवड होती. आम्ही नवराबायको सकाळची गाडी पकडतो आणि रात्री घरी येतो. हा आक्षेप रास्त आहे, आणि लिझ्यूचे घर त्याचे पुरे उत्तर देऊ शकत नाही. परंतु आलाँसोंचे घर देते. तेथे माता झेली मागण्या पुऱ्या करण्यासाठी रात्री उशिरापर्यंत काम करी. त्या लेसचे लहान लहान तुकडे निरनिराळ्या कारागीर स्त्रिया विणीत आणि शेवटी सांधा दिसणार नाही असे ते जोडावे लागत. ते जोडकाम झेली स्वतः करी. तरीही पतीपत्नी पहाटे साडेपाचच्या मिस्सेस नित्य जात. थोरल्या दोघी ल माँस येथील मठशाळेत राहून शिकत. तेथे मावशी संन्यासिनी होती. पुढे मारी घरी आल्यावर ती सेलीनला शिकवू लागली. तेव्हा चार वर्षांची तेरेजा, गडबड न करण्याच्या अटीवर, तासन्तास जवळ बसे. हाती शिवावयास चिंधी दिलेली. सुईतून दोरा सुटला की तो पुन्हा ओवता येईना, आणि शांतता मोडू नये म्हणून मुकाट्याने डोळ्यांतून टिपे गळत. मग मारी येऊन दोरा ओवून देई. तात्पर्य, त्या मातेने सर्व काही स्वतः शिकविले नाही. थोरलीने मधलीला शिकवावे आणि धाकटीने पाहून शिकावे, अशी घडी तिने घालून दिली. आणि ती गेल्यावरही घडी मोडली नाही.

तथापि, सत्य सांगावयाचे तर ह्या शाळेतही उणिवा होत्या, आणि त्या लपविणे बरे नव्हे. १८८१ च्या ऑक्टोबरात तेरेजा बेनेडिक्टाइन भगिनींच्या शाळेत गेली. अभ्यासात ती आपल्याहून मोठ्या मुलींच्या पुढे होती, परंतु एका मोठ्या मुलीच्या मत्सरास तोंड कसे द्यावे हे तिला ठाऊक नव्हते. ती पाच वर्षे आपल्या आयुष्यातील अत्यंत दुःखाची होती, असे तिने लिहिले आहे. १८८२ च्या ऑक्टोबरात पोलीन कार्मेल मठात गेली. ही दुसरी आईही गेल्यावर पुढील वसंतात ती मुलगी भयंकर आजारी पडली. शिवाय, धाकटी म्हणून घरकामाला तिला कोणी हात लावू दिला नव्हता. खोली आवरण्याचे काम सेलीन करी. मन अतिशय हळवे राहिले, ते १८८६ च्या नाताळापर्यंत. ह्यावरून आपण काय घ्यावे? घर हे शाळेची जागा घेण्यासाठी नाही, आणि मुलाला जगापासून झाकून ठेवण्यासाठीही नाही. पाठांतराबरोबर मुलाच्या हाती झाडू द्यावा, ताट द्यावे, आणि शेजारच्या पोरांत खेळावयासही सोडावे.

आणि ह्याच घरात लिओनी होती. अभ्यासात मागे, स्वभावाने हट्टी. मावशीच्या मठशाळेतून तिला परत पाठविण्यात आले. घरच्या मोलकरणीने तिच्यावर गुप्तपणे जाच चालविला होता, आणि तो मातेच्या शेवटच्या वर्षी उघडकीस आला. एवढी जागरूक माता, पण स्वतःच्या छपराखाली चाललेली गोष्ट तिला दिसली नव्हती. ते कळताच तिने मुलीला जवळ घेतले, आणि आयुष्याचे उरलेले महिने हळूहळू तिचे मन मोकळे करण्यात घालविले. लिओनीने मठात राहण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा केले, पुनःपुन्हा तिला घरी परतावे लागले, आणि १८९९ साली काँ शहरातील मठात ती अखेर स्थिरावली. १९४१ साली ती तेथेच देवाघरी गेली. २०१५ साली तिला धन्यवादित घोषित करण्याच्या कार्यास आरंभ झाला. आणि त्याच वर्षी तिच्या मातापित्यांना, लुई व झेली ह्यांना, एकत्र संतपद देण्यात आले. ज्या आईबापांचे एखादे मूल इतरांच्या मागे राहते, ज्यांना शाळेतून वरचेवर बोलावणे येते, त्यांनी लिओनीचे नाव घेऊन प्रार्थना करावी. वेळ लागतो, पण घराने हात सोडला नाही तर वाट सापडते.

आईबाप हे मुलांचे पहिले शिक्षक होत, हे पवित्र सभेने वारंवार सांगितले आहे. १९२९ साली अकरावे पोप पायस ह्यांनी, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा त्या कायद्यानेही ते कुटुंबात देण्याची मोकळीक ठेविली होती. सांप्रत तेथे त्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागते. आपल्या देशात २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. तेव्हा मुलांना शाळेतून काढा, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मुलाला शाळेत घातले, शिकवणीस लाविले, रविवारी धर्मशिक्षणास धाडिले, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानू नका. सर्वत्र पाठवून झाल्यावर मूल संध्याकाळी ज्या घरी परत येते, त्या घरात त्याला काय मिळते?

म्हणून ह्या महोत्सवी वर्षासाठी मी आपणांजवळ थोडेच मागतो. रोज रात्री पाव तास मोबाइल व दूरदर्शन बंद करून सर्वांनी एकत्र बसावे; रोझरी म्हणावी, आणि एखाद्या चांगल्या पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचावे. थोरल्या भावंडाने धाकट्याला एक विषय शिकवावा. आठवड्यातून एकदा तरी पित्याने मुलाला बरोबर घेऊन फिरावयास जावे, आणि वाटेत मंदिरात डोकावावे. मुलाच्या हाताने एखाद्या गरिबाला काही देववावे. रविवार हा रविवारच ठेवावा. आणि मुलाने प्रश्न विचारला, तर पेला व टोपण घेऊन बसण्याइतकी सवड काढावी. ह्यास पैसा लागत नाही, आणि पदवीही लागत नाही; पोलीनजवळ ती नव्हती.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या आईबापांनी ह्या मंदिराच्या पायाभरणीस हात लाविला, त्यांतील पुष्कळ आज आपल्यात नाहीत. पण त्यांनी रात्रीच्या दिव्यापुढे शिकविलेल्या प्रार्थना आपल्या ओठांवर आहेत. आणखी पन्नास वर्षांनी शताब्दीचा मेळावा भरेल, तेव्हा आजची लेकरे तेथे कोणती प्रार्थना म्हणतील, हे आपल्या घरी ह्या आठवड्यात ठरावयाचे आहे.

संत लुई व संत झेली आपल्या घरांसाठी विनंती करोत, आणि सर्वसमर्थ परमेश्वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपणां सर्वांस, विशेषतः आपल्या लेकरांस, आशीर्वाद देवो. आमेन.